गुबार, खातर आणि अजिटेटेड

परवा ऑफिसात एका मेलमध्ये वाचलं, 'क्लायंट इज अजिटेटेड'. झालं, दिवसभर डोक्यात एकच किडा. याला मराठीत काय म्हणायचं?

प्रक्षुब्ध? तो पेपरातला जमाव असतो, एकटा माणूस सहसा नाही. खवळतो तो समुद्र, नाहीतर बाबा. अस्वस्थ फारच सौम्य, ते तर आपण रविवारी संध्याकाळीही असतो. आणि 'आंदोलित'ची गंमतच आहे. मुळात आंदोलन म्हणजे झोका! आपण तो थेट मोर्चात नेला. इंग्रजीतही तसंच, एकच अजिटेशन मनातलं आणि रस्त्यावरचंही.

हे दोन्ही एकत्र भेटतात नगरच्या भुईकोट किल्ल्यात. 'चले जाव'च्या आंदोलनात 9 ऑगस्ट 1942 ला काँग्रेसचे पुढारी इथे आणून डांबले. नेहरूंनी इथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, हे आपण शाळेत पाठ केलंय. पण मौलाना आझादांनी इथेच लिहिलेली, तेव्हा न पाठवलेली पत्रं आपल्याकडे फारशी कुणी वाचत नाही. पुस्तकाचं नाव 'गुबार-ए-खातिर', 1946 चं. गुबार म्हणजे धूळ, खातिर म्हणजे मन. मनात उडालेली धूळ! माझ्या मते सगळ्या पर्यायांत हाच शब्द अव्वल.

1943 साली कलकत्त्यात त्यांची पत्नी झुलेखा बेगम अत्यवस्थ झाली. तुरुंगाधिकारी म्हणाला, सरकारला काही कळवायचं असेल तर सांगा. आझादांनी नकार दिला. दिनक्रम तोच ठेवला. पण पेपर घेऊन येणाऱ्याची पावलं वाजली की छाती धडधडायची, आणि तरी ते घाई नसल्यासारखा सावकाश पेपर उचलायचे. हा सगळा देखावा होता, हे त्यांनीच पत्रात कबूल केलंय. 9 एप्रिलला ती गेली.

हाच 'खातिर' आपल्या 'खातरजमा'तही आहे बरं का. जमा, म्हणजे पांगलेलं मन गोळा झालेलं. आपण तो रिलीजच्या आधी चेकलिस्टला वापरतो... असो.

जून 1945 मध्ये सुटका झाल्यावर आझाद कलकत्त्याला पोचले. गाडी स्वागताच्या हारांनी भरली होती. घरी जायच्या आधी ते कबरीवर गेले आणि त्यातलाच एक हार तिथे वाहिला.