हजरत ईसा आणि ख्रिस्ती धर्मशास्त्र : इतिहास काय सांगतो?



ख्रिस्ती धर्माच्या मराठी इतिहासात आपल्या जिल्ह्याला मोठे स्थान आहे. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगर शहरात (२०२४ पासून अहिल्यानगर) आपले ठाणे उभारले. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली येथूनच निघाले. मिस सिंथिया फरार यांच्या येथील संस्थेत सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे घेतले. रेव्हरंड ना. वा. टिळकांचे कार्यही याच भूमीत बहरले. साहजिकच आपली मुले ख्रिस्ती मुलांच्या शेजारी एकाच बाकावर बसतात आणि कधी ना कधी विचारतात, "सर, हजरत ईसा हे ईश्वर आहेत असे त्यांच्या बायबलात खरेच लिहिले आहे का?"

या प्रश्नाला चटकन 'होय' किंवा 'नाही' म्हणणे सोपे आहे. परंतु ऐकीव उत्तर वर्गात टिकत नाही, आणि शेजाऱ्याचे मन मात्र दुखावते. म्हणून इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने आपण मूळ ग्रंथापासून सुरुवात करू.

बायबलच्या नव्या करारात दोन्ही प्रकारची वचने आढळतात. मार्कच्या शुभवर्तमानात (१२:२९) प्रभू एकच आहे, हीच पहिली आज्ञा असल्याचे येशू सांगतात. एक मनुष्य त्यांना 'उत्तम' म्हणतो, तेव्हा देवावाचून उत्तम कोणी नाही, असे ते उत्तर देतात (१०:१८). शेवटची घटका फक्त पित्याला ठाऊक आहे, पुत्रालाही नाही, असेही तेथे आहे (१३:३२). योहानाच्या शुभवर्तमानात पिता माझ्याहून थोर आहे (१४:२८) असे ते म्हणतात, आणि प्रार्थनेत पित्याला एकमेव खरा देव व स्वतःला त्याने पाठविलेला असे संबोधितात (१७:३).

आता दुसरी बाजू पाहा. त्याच योहानाच्या आरंभी 'शब्द' देव होता व तो देहधारी झाला, असे आहे (१:१, १४). पुनरुत्थानानंतर थोमा हा शिष्य येशूंना आपला प्रभू व देव म्हणतो (२०:२८). फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात ते देवाच्या स्वरूपाचे असूनही त्यांनी दासाचे रूप घेतले, असे पौल लिहितो (२:६-७). मी व पिता एक आहोत (योहान १०:३०) या वचनाचा दाखला ख्रिस्ती बांधव नेहमी देतात. मात्र पुढे सतराव्या अध्यायात शिष्यांनीही तसेच एक व्हावे, अशी प्रार्थना आहे, हेही ध्यानात घ्यावे. केवळ एका बाजूची वचने पाठ करणारा अर्धेच पुस्तक वाचतो.

अशी दुहेरी वचने असल्यामुळे वाद ख्रिस्ती मंडळीतच उभा राहिला. इ.स.च्या चौथ्या शतकात इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथील धर्मगुरू एरियस याने पुत्र हा निर्माण केलेला असून पित्याच्या बरोबरीचा नाही, असे प्रतिपादन केले. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ साली नायसिया येथे (आजच्या तुर्कस्तानातील इझनिक) धर्मपरिषद भरविली. पुत्र हा पित्याशी एकाच तत्त्वाचा आहे, असे तेथे ठरले. त्यासाठी वापरलेला ग्रीक शब्द बायबलमध्ये नाही, हे ख्रिस्ती विद्वानही मान्य करतात. पुढे ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेत त्रैक्याचा सिद्धान्त पक्का झाला, आणि ४५१ च्या कॅल्सिडॉन परिषदेत येशू हे पूर्ण देव व पूर्ण मनुष्य आहेत, असे सूत्र मांडले गेले.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला असा की, नायसियाने शुभवर्तमानेच बदलली. हे खरे नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या काही हस्तलिखित प्रती त्या परिषदेच्या शंभराहून अधिक वर्षे आधीच्या मानल्या जातात, आणि पौलाची पत्रे तर पहिल्याच शतकातील आहेत. दुसरा असा की, ख्रिस्ती लोक तीन देव मानतात. ते स्वतः एकच देव मानतो असे सांगतात. मतभेद त्या एकत्वाच्या अर्थाविषयी आहे. उलट, योहानाच्या पहिल्या पत्रातील (५:७) तिघांच्या एकत्वाचे वचन जुन्या ग्रीक प्रतींत नाही, हे ख्रिस्ती संशोधकांनीच दाखविले व नव्या भाषांतरांतून ते काढले. सत्य कोणाच्या बाजूचे आहे हे न पाहता स्वीकारणे, हीच अभ्यासाची रीत होय.

या प्रश्नाशी प्रामाणिकपणे झुंजलेले एक मराठी नाव म्हणजे पंडिता रमाबाई. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु त्रैक्य आणि ख्रिस्ताचे ईश्वरत्व यांविषयी त्यांच्या मनात शंका होत्या. सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या मिस डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. धर्मगुरू सांगतात म्हणून नव्हे, तर शास्त्रात सापडेल तेवढेच मानीन, असा त्यांचा बाणा होता. हा पत्रव्यवहार १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पुढे त्यांच्या शंका मावळल्या आणि त्या श्रद्धाळू ख्रिस्ती म्हणूनच जगल्या. मात्र स्वतः वाचण्याचा हट्ट त्यांनी सोडला नाही. दौंडजवळच्या केडगावात (आपल्या नगरजवळच्या नव्हे) मुक्ती मिशन चालवीत असताना हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले. १९२२ साली त्यांचे निधन झाले व १९२४ मध्ये ते भाषांतर छापून बाहेर पडले. निष्कर्ष आपल्याहून वेगळा असला, तरी हे कष्ट आदरास पात्र आहेत.

आपली श्रद्धा स्पष्ट आहे. कुरआन शरीफ हजरत ईसा (अलैहिस्सलाम) यांना मसीह, बीबी मरियमचे पुत्र आणि अल्लाहचे थोर पैगंबर मानते. ईश्वर मानीत नाही. त्यांची पवित्र माता हिच्या नावाची संपूर्ण सूरह कुरआनात आहे. ग्रंथधारकांशी वाद करायचा तर उत्तम रीतीनेच करा, अशीही आज्ञा आहे (२९:४६). नजरानचे ख्रिस्ती शिष्टमंडळ मदिनेत आले तेव्हा चर्चा नेमकी हजरत ईसांविषयीच झाली. मतभेद मिटला नाही, तरीही पैगंबर (स.) यांनी त्या पाहुण्यांना मशिदीत त्यांच्या पद्धतीने प्रार्थना करू दिली, असे सीरतचे ग्रंथ सांगतात.

पालकहो, आपल्या मुलाने असा प्रश्न विचारला तर त्याला गप्प करू नका. आपले काय मानणे आहे ते निःसंकोच सांगा, आणि शेजारी काय मानतो तेही त्याला मान्य होईल अशाच शब्दांत सांगा. विद्यार्थी मित्रांनो, दुसऱ्याच्या ग्रंथावर बोलण्यापूर्वी तो उघडून पाहा. मागचे-पुढचे वचन वाचा. 'इकरा', म्हणजेच वाच, या आज्ञेने ज्याच्या ग्रंथाचे अवतरण सुरू झाले, त्या समाजाला न वाचता बोलणे शोभत नाही.