बफर द्रावण : सौम्य आम्ल व संयुग्मी आम्लारीची निवड

थोडे आम्ल किंवा आम्लारी मिसळले तरी ज्याचा सामू (पीएच) फारसा हलत नाही, ते बफर द्रावण. त्यात सौम्य आम्ल व त्याचा संयुग्मी आम्लारी अशी जोडी असते, उदा., ॲसिटिक आम्ल व सोडिअम ॲसिटेट.

नियम : हवा असलेला सामू आणि आम्लाचा पीकेए (आम्लाची तीव्रता दाखवणारा अंक) यांतील अंतर एकाहून अधिक नसावे. दोन्ही जुळले की क्षमता सर्वाधिक. अंतर एक झाले की घटकांचे प्रमाण १० : १ होते आणि एका बाजूचा प्रतिकार नाममात्र उरतो. २५° से.ला पीकेए : ॲसिटिक आम्ल ४.७६, डायहायड्रोजन फॉस्फेट ७.२०, अमोनिअम ९.२५, बायकार्बोनेट १०.३३. सामू ५.० चे ०.१ मोलर ॲसिटेट बफर हवे असल्यास लिटरमागे ०.०६३ मोल ॲसिटेट व ०.०३७ मोल आम्ल लागते.

इतिहास : सामू, पीकेए व घटकांचे प्रमाण यांना जोडणारे समीकरण हेंडरसन (१९०८) व हॅसलबाल्ख (१९१६) यांचे.

कोल्हापूर : पीकेए जुळला म्हणजे निवड संपली, असे मानणे ही विद्यार्थ्यांची नेहमीची चूक. द्रावणात आणखी काय आहे, हे पाहणे तितकेच आवश्यक. कोल्हापूर जिल्ह्यातील दोन धंदे याची उत्तम उदाहरणे आहेत.

गूळ. उसाच्या ताज्या रसाचा सामू साधारण ५.२ ते ५.५ असतो. अशा आम्लधर्मी रसात उकळताना साखरेचे विघटन होऊन ग्लुकोज व फ्रुक्टोज बनतात आणि गूळ नीट बसत नाही. म्हणून गुऱ्हाळात चुन्याची निवळी घालतात. रसातील ॲकॉनिटिक आम्ल व फॉस्फेटे स्वतःच बफरचे काम करतात, त्यामुळे सामू निवळीच्या मानाने कमी चढतो. प्रमाण रसाच्या प्रतीनुसार गुळव्या ठरवतो; जास्त झाल्यास गूळ काळपट पडतो. चुन्यातील कॅल्शिअम फॉस्फेटाशी संयोग पावून साक्याच्या रूपात खाली बसते किंवा मळीबरोबर निघते. भेंडीचे चिकट पाणी मळी वर आणते. चुना घातलेल्या रसावर प्रयोग करताना सामू ७ च्या आसपास फॉस्फेट बफर हिशेबाने अचूक ठरते. प्रत्यक्षात मात्र ते कॅल्शिअमबरोबर साकळते व जोडीचे प्रमाणच बिघडते. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. येथील प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे.

दूध. ‘गोकुळ’ या जिल्ह्याच्या सहकारी दूध संघाची स्थापना १९६३ ची. पाश्चरीकरण (७२° से., १५ सेकंद) पुरेसे झाले का, हे अल्कलाइन फॉस्फेटेज या विकराच्या चाचणीने कळते : विकर शिल्लक असल्यास पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेटापासून पिवळा रंग येतो. येथे सामू सुमारे १० हवा, म्हणून कार्बोनेट–बायकार्बोनेट जोडी घेतात. फॉस्फेट दोन्ही अंगांनी बाद होते : त्याचा पीकेए दूर आहे, शिवाय ते या विकराचे कार्यच रोधते.

तापमान : तापमान वाढले की ट्रिस बफरचा सामू दर अंशामागे (से.) सुमारे ०.०२८ ने उतरतो.

पीएच मीटर : जुळवणीसाठी सामू ४.०, ७.० व ९.२ च्या बफर गोळ्या मिळतात.