लाखेची झिलई: कातारशाळेपासून इथल्या दिवाणखान्यापर्यंत

मंडळी, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी देशातून आणलेली एखादी रंगवलेली लाकडी वस्तू असतेच. लग्नातला पाट, चौरंग, देव्हारा, नाहीतर सावंतवाडीची लाकडी फळे. अमेरिकेतल्या हिवाळ्यात घरातले हीटिंग सुरू झाले, की हवा कोरडी पडते, लाकूड आक्रसते आणि त्यावरच्या रंगाला बारीक भेगा पडू लागतात. मग आपण दुकानातून पॉलियुरेथेनचा डबा आणतो. तो उघडण्यापूर्वी या झिलईचा थोडा इतिहास जाणून घ्यायला हवा. कारण खरा प्रश्न चमक किती येईल हा नाही, तर आज दिलेला हात उद्या कुणाला काढता येईल का, हा आहे.

आपल्याकडची मूळ झिलई लाखेची. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे वसतात आणि स्वतःभोवती राळेसारखे कवच तयार करतात. ते खरवडून, धुऊन, वितळवून लाख काढतात. महाभारतातले लाक्षागृह याच लाखेचे. इंग्रजांचा ‘लॅकर’ हा शब्दही आपल्या ‘लाख’ शब्दावरूनच गेला. चीन-जपानमधली प्रसिद्ध लॅकरची कला मात्र वेगळी. ती एका झाडाच्या चिकापासून होते आणि तो चीक दमट हवेत घट्ट होतो.

१५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्स्कोटेन या डच माणसाचे प्रवासवर्णन १५९६ साली छापले गेले. कातारी लोक फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी कशी टेकवतात, हे त्याने त्यात लिहिले आहे. घर्षणाने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. ब्रश नाही, वाळत घालणे नाही, रंग आणि झिलई एकाच वेळी! कर्नाटकात चन्नपट्टणची खेळणी आजही याच रीतीने होतात.

सावंतवाडीच्या चिताऱ्यांची रीत निराळी. त्यांच्या गंजिफांच्या गोल पानांवर आधी चित्र रंगवायचे आणि मग त्यावर लाखेचा हात द्यायचा. दशावतारी गंजिफात एका रंगाची १२ अशी दहा अवतारांची १२० पाने. शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागिरांना जागा दिली, म्हणून ही कला विसाव्या शतकात बुडता बुडता वाचली.

पुढे हीच लाख जहाजांतून युरोपला गेली. तिथे ती स्पिरिटमध्ये विरघळवून, कापडाच्या पुरचुंडीने लाकडावर घासून लावू लागले. एकोणिसाव्या शतकात ते ‘फ्रेंच पॉलिश’ म्हणून गाजले. माल आपला, नाव फ्रेंचांचे! ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्याही लाखेच्याच. १९०२ साली गौहरजानचे गाणे आणि पुढे बालगंधर्वांची नाट्यपदे घराघरांत पोहोचली, ती लाखेवरून.

१९२० च्या दशकात मोटारींसाठी नायट्रोसेल्युलोजचे झटपट वाळणारे लॅकर आले. १९३७ साली जर्मनीत ओटो बायर यांनी पॉलियुरेथेनचे रसायन शोधले. पॉलियुरेथेनचा लेप पाण्याला, गरम कपाला सहसा दाद देत नाही. लाखेवर मात्र गरम कप ठेवला की पांढरे वर्तुळ उमटते आणि मद्य सांडले तर ती चक्क विरघळते. जेवणाच्या टेबलासाठी म्हणूनच पॉलियुरेथेन बरे.

पण लाखेचा हा दुबळेपणाच तिचा मोठा गुण आहे. तिचा नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो, त्यामुळे ओरखडा पडला तर तेवढीच जागा दुरुस्त करता येते. पॉलियुरेथेन बहुधा खरवडून काढावे लागते आणि त्याबरोबर खालची वेलबुट्टीही जाते.

आता थोडे व्यवहाराचे. साग, शिसम ही लाकडे तेलकट असल्याने त्यांवर काही लेप नीट धरत नाहीत. आधी मेण काढलेल्या लाखेचा पातळ हात द्यावा. तो लाकडालाही धरतो आणि वरच्या लेपालाही. मेण असलेल्या लाखेवर पॉलियुरेथेन सुटून येऊ शकते. नवीन वस्तूवर पांढरा किंवा निळा रंग असेल, तर तेलाचे पॉलियुरेथेन टाळावे, कारण ते काळाबरोबर पिवळे पडते. त्यापेक्षा पाण्यात मिसळणारा पारदर्शक लेप बरा. अॅक्रिलिक रंगावर लाख लावताना ब्रश पुन्हा पुन्हा फिरवू नये, स्पिरिटने रंग ओघळतो. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून टाकू नयेत, ती आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवावीत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जुन्या रंगात शिसे असू शकते. अमेरिकेने घरगुती रंगांत त्यावर १९७८ साली बंदी आणली. भारतात ९० पीपीएमची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये लागू झाली. तेव्हा आजीच्या वेळचा पाट असो की पाळण्यावरचा चिमणाळा, त्याला सँडपेपर लावू नका. ती धूळ लहान मुलांना घातक असते. अशी वस्तू नातवंडांच्या हाती खेळायला न देता कपाटात, खिडकीच्या उन्हापासून आणि हीटरपासून दूर ठेवावी. कोरड्या मऊ फडक्याने पुसावी, एवढीच तिची देखभाल.

आणि काही लावायचेच झाले, तर काढता येईल असेच लावावे. आपल्या नातवंडांना कदाचित याहून चांगली युक्ती सापडेल. तोवर खालचे चित्र शिल्लक राहायला हवे.