गावचा नकाशा : काठीपासून संकेतस्थळापर्यंत

१. महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका व गाव निवडून गट क्रमांक टाकला, की शेताची आकृती समोर उभी राहते. पाहणाऱ्यास वाटते, हीच आपल्या जमिनीची आजची नेमकी हद्द. वस्तुतः त्यातल्या कित्येक रेषांचे मूळ एकोणिसाव्या शतकातील मोजणीत आहे. त्या रेषा कोणी आणि कशासाठी आखल्या, हे समजल्याशिवाय या संकेतस्थळात कोणती सुधारणा हवी हेही नीट सांगता येणार नाही. त्यासाठी हा धागा.

२. जमीन मोजण्याची कला इंग्रजांनी येथे आणली नाही. निजामशाहीत मलिक अंबराची आणि शिवकाळात अण्णाजी दत्तोंची जमीनधारा प्रसिद्धच आहे. शिवकालीन काठी पाच हात पाच मुठींची. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद तो बिघा. १२० बिघ्यांचा एक चावर. परंतु मोजणीचे फळ दप्तरात आकड्यांनी नोंदले जाई. हद्दीचा तंटा झाला, तर निवाडा बांध, ओढा, झाड आणि गोतसभेपुढची साक्ष यांवर होई.

३. पेशवाई १८१८ मध्ये संपली आणि कंपनी सरकारला महसुलाचा हिशेब हवासा झाला. १८२० च्या दशकात रॉबर्ट कीथ प्रिंगल याने पुणे भागात पाहणी केली. रिकार्डोच्या खंड-सिद्धांताचा त्याच्यावर प्रभाव होता. शेताच्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारचे, असा त्याचा हिशेब. कागदावर ही योजना चोख दिसे. शिवारात मात्र मोजणी, प्रतवारी आणि उत्पन्नाचा अंदाज, तिन्हींत दोष निघाले आणि आकारणी रयतेला पेलेना.

४. १८३५ मध्ये हेन्री गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्याने आरंभ केला. निव्वळ उत्पन्नाचा सिद्धांत त्यांनी बाजूस ठेवला. जमिनीची प्रत पाहून वर्गवारी करावी आणि आकारणी तीस वर्षे स्थिर ठेवावी, ही त्यांची पद्धत. १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम बांधले गेले. मुंबई इलाख्याच्या मोजणीचा पाया तोच.

५. त्यातून ‘सर्व्हे नंबर’ रूढ झाला. पण सर्व्हे नंबर म्हणजे एका मालकाचे शेत नव्हे! एका बैलजोडीने कसता येईल एवढे क्षेत्र, हे त्याच्या आकारमानाचे माप होते. लहान शेते एकत्र करून एक नंबर बनवला जाई. म्हणजे नकाशावरच्या ठळक रेषेआड अनेक वहिवाटी झाकल्या गेल्या. पोटहिस्से पुढे वेगळे मोजावे लागले.

६. मोजणीचे साधन होते ३३ फुटी साखळी. तिचे सोळा आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद तो गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. शेतातच ज्या कागदावर ही मापे लिहीत, ते ‘टिपण’. गावचा नकाशा त्यांवरून लहान प्रमाणात काढला जाई. अचूक माप टिपणात आहे. नकाशा हे त्याचे संक्षिप्त चित्र होय. हा भेद लक्षात ठेवावा.

७. आणि हे सारे कशासाठी? कर बसवण्यासाठी. तीस वर्षे सरल्यावर १८६७ पासून इंदापुरातून फेरआकारणी सुरू झाली आणि सारा बराच वाढला. मे १८७५ मध्ये सुपे येथे सावकारांविरुद्ध जो उठाव झाला, त्यामागच्या कारणांत इतिहासकार या वाढीचीही गणना करतात. जमिनीचा नकाशा निरुपद्रवी कागद कधीच नव्हता.

८. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, तुकडेबंदी व तुकडेजोडीचा कायदा आला. ज्या गावांत एकत्रीकरण झाले, तेथे सर्व्हे नंबर जाऊन गट क्रमांक आले. परिणाम असा की आजोबांच्या खरेदीखतात एक क्रमांक आणि नातवाच्या सातबाऱ्यावर दुसरा. दोहोंची सांगड घालता आली नाही, तर वारसाचा हक्कही अडतो.

९. पुढे जीर्ण कागदी नकाशांचे संगणकीकरण झाले. येथे एक गणित पाहा. अनेक जुने गावनकाशे एका इंचास वीस साखळ्या, म्हणजे १ : ७९२० या प्रमाणाचे. त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघ जमिनीवर सुमारे चार मीटर व्यापते. शंभर मीटर बांधाला हा फरक जवळजवळ चार गुंठ्यांचा! पडद्यावर नकाशा कितीही मोठा करा, ती अचूकता वाढत नाही. केवळ त्यावर विसंबून कुंपण घालणे म्हणजे भावकीत भांडण ओढवून घेणे.

१०. याच नकाशांत एक मोकळी जागा दिसते : गावठाण. तेथे शेतसारा नव्हता, म्हणून आतली घरे मोजण्याची निकड नव्हती. मोठ्या गावांचे नगर भूमापन झाले. लहान गावे राहिली. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२० रोजी देशभरासाठी स्वामित्व योजना जाहीर झाली. कराने वगळलेली घरे दीड शतकानंतर नकाशावर येऊ लागली.

११. आता मूळ प्रश्न. संकेतस्थळ जलद व्हावे, मोबाईलवर नीट दिसावे, हे योग्यच. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला चार सुधारणा अधिक मोलाच्या वाटतात. प्रत्येक रेषेसोबत तिच्या मोजणीचे वर्ष व मूळ प्रमाण दिसावे. जुन्या सर्व्हे नंबरावरूनही शोध घेता यावा. आकृतीला तिचे टिपण जोडलेले असावे. आणि रेषा दुरुस्त झाली, तर जुनी रेषा पुसली न जाता तारखेसह जपली जावी.

१२. चौथी मागणी सर्वांत महत्त्वाची. कागदावरच्या खाडाखोडीचा माग राहतो; पडद्यावरची रेषा मागमूस न ठेवता सरकू शकते. दप्तरातली शाई पुसट झाली तरी बोलते, संगणकातली पुसलेली नोंद बोलत नाही.

१३. तोवर एवढे ध्यानी असू द्या : संकेतस्थळावरचा नकाशा माहितीसाठी, बांधाचा वाद असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयात रीतसर मोजणी करून ‘क’ प्रत घ्यावी. आणि पुढच्या खेपेस गावी जाल, तेव्हा घरातल्या जुन्या खरेदीखतावरचा क्रमांक आजच्या सातबाऱ्याशी ताडून पाहा. आपल्या घराण्याचा जमीन-इतिहास तेथूनच सुरू होतो.