फाटलेल्या आवाजाची कहाणी

गवयाचा आवाज फाटला की मैफल आटोपती घ्यावी लागते. लग्नमंडपातला कर्णा फाटका वाजू लागला की यजमान ध्वनिक्षेपकवाल्याच्या नावाने शंख करतो. आवाज स्वच्छ, गोल आणि निर्मळ असावा ही माणसाच्या कानाची जुनी अपेक्षा. असे असूनही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका आणि इंग्लंडमधील गिटारवादकांनी आवाज मुद्दाम फाडण्याचा उद्योग आरंभिला. त्यासाठी पायाने दाबायची एक डबी निर्माण झाली. त्या डबीत बसणारा वाटाण्याएवढा एक जिन्नस आज, साठ वर्षांनंतर, जवाहिऱ्याने हिरा पारखावा तसा पारखून घेतला जातो. त्या जिनसाचे नाव जर्मेनियम ट्रान्झिस्टर.

जर्मेनियम हे मूलद्रव्य सापडण्यापूर्वीच त्याचे भविष्य वर्तवले गेले होते. रशियन शास्त्रज्ञ मेंडेलीव्ह यांनी इ. स. १८७१ मध्ये आपल्या कोष्टकात सिलिकॉनच्या खाली एक घर रिकामे ठेवले. पुढे १८८६ साली सॅक्सनीतील फ्रायबर्ग येथे क्लेमेन्स विंक्लर यांना ते द्रव्य एका खनिजात मिळाले, आणि त्यांनी त्याला आपल्या देशाचे नाव दिले. मग सुमारे साठ वर्षे या द्रव्याला फारसे कोणी विचारीत नव्हते. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी जर्मेनियमच्या तुकड्यावर सोन्याची दोन टोके टेकवून क्षीण विद्युत्-संदेश मोठा करून दाखवला. तोच पहिला ट्रान्झिस्टर. त्या कामाबद्दल बार्डीन, ब्रॅटन आणि शॉकली या तिघांना १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

इकडे गिटारवादकांचा वेगळाच खटाटोप चालला होता. १९५८ साली लिंक रे या वादकाने स्पीकरच्या कागदी पडद्याला भोके पाडून आपला आवाज खरखरीत करून घेतला. पुढे १९६४ मध्ये लंडनच्या ‘किंक्स’ मंडळीतल्या डेव्ह डेव्हिसने तोच पडदा पात्याने चिरला. परंतु खरा योग जुळून आला तो नॅशव्हिल शहरी. मार्टी रॉबिन्स या गायकाचे एक गाणे मुद्रित होत असता, ग्रेडी मार्टिन यांच्या सहातारी बास गिटारचा आवाज यंत्रणेतील बिघाडामुळे एकाएकी भुंग्यासारखा गुरगुरू लागला. कोणीही शहाण्याने ते मुद्रण रद्द केले असते. यांनी ते तसेच ठेवले, आणि १९६१ साली ते गाणे अमेरिकेतील कंट्री संगीताच्या यादीत दहा आठवडे अव्वल राहिले. मुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी पुढे तोच बिघाड हुकमी उत्पन्न करणारे ट्रान्झिस्टरचे यंत्र तयार करविले आणि गिब्सन कंपनीला दिले. १९६२ मध्ये ते ‘मेस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आले. आत तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि दीड व्होल्टचे दोन सेल, एवढाच संसार. आरंभी त्याला गिऱ्हाईक फार थोडे. मग १९६५ साली ‘रोलिंग स्टोन्स’च्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गाण्यात कीथ रिचर्ड्सने ते वाजवले. गंमत अशी की, त्याच्या मते तो केवळ कच्चा आराखडा होता. त्या जागी पुढे पितळी वाद्यांचा ताफा यायचा होता. तो कधी आलाच नाही, आणि फझ मात्र घरोघर पोहोचला.

लंडनमध्ये त्याच सुमारास गॅरी हर्स्ट यांनी ‘टोन बेंडर’ रचला. १९६६ साली आयव्हर आर्बिटर यांच्या कंपनीने ‘फझ फेस’ काढला. मायक्रोफोनच्या दांड्याच्या बुडासारखी ती वाटोळी धातूची डबी जिमी हेन्ड्रिक्सच्या पायाखाली गेली आणि अजरामर झाली. तिच्या पोटात दोनच ट्रान्झिस्टर, बहुधा न्यूमार्केट कंपनीचे एनकेटी २७५, आणि नऊ व्होल्टची एक बॅटरी. पहिला ट्रान्झिस्टर तारांच्या कंपनाचा संदेश फुगवतो, दुसरा तो आणखी फुगवतो. अखेर बॅटरीच्या नऊ व्होल्टांत ती लाट मावेनाशी होते आणि तिची शिखरे कापली जातात. या कापाकापीतून मूळ सुराच्या भोवती नवे उपस्वर उगवतात. तोच तो फाटलेला आवाज.

परंतु जर्मेनियमच्या अंगी तीन मोठे अवगुण. एक, दरवाजा बंद असताही त्यातून थोडा प्रवाह झिरपत राहतो. कारागीर याला गळती म्हणतात. दोन, उष्णता सोसत नाही. दहा अंशांनी तापमान वाढले की गळती जवळजवळ दुप्पट होते, आणि सावलीत गोड वाजणारी डबी भर उन्हातल्या मंचावर घुसमटू लागते. तीन, एकाच घाण्यातून निघालेल्या दोन नगांची ताकद सारखी नसते. सिलिकॉन या सर्व बाबतींत सरस. १९५९ च्या सुमारास त्याचे ट्रान्झिस्टर सपाट पत्र्यावर घडविण्याची नवी रीत निघाली आणि जर्मेनियमचे दिवस भरले. साठीचे दशक सरता सरता फझ फेसमध्येही सिलिकॉन आले. तो आवाज अधिक तीक्ष्ण. जुना मऊ, उबदार फाटलेपणा पुष्कळांना त्यात सापडेना. म्हणून घरी डब्या बांधणारे लोक आज पुन्हा जुन्या साठ्यांकडे वळले आहेत.

त्यांची परीक्षा पाहण्याजोगी आहे. साधा मल्टिमीटर येथे फसवतो. तो गळतीलाही ताकदच समजतो. म्हणून कारागीर एमिटर बॅटरीच्या धन टोकाला जोडतो आणि कलेक्टर २,४७२ ओहमच्या रोधातून ऋण टोकाला. बेस मोकळा ठेवून रोधावरचा दाब मोजला की निघते ती निव्वळ गळती. मग २२ लाख ओहमच्या रोधातून बेसला सुमारे ४ मायक्रोअँपियर इतका प्रवाह द्यायचा आणि पुन्हा मोजायचे. या मापांची योजनाच अशी की, एक व्होल्ट म्हणजे शंभरपट वाढ. समजा, आधी ०.२५ व्होल्ट आले आणि नंतर १.०५. भोळा माणूस १०५ म्हणेल. खरी वाढ ८० च. उरलेली २५ गळतीची, म्हणजे सुमारे १०० मायक्रोअँपियर. पाचशेच्या वर गेलेला नग बाजूला काढावा. फझ फेससाठी पहिल्या जागी ७० ते ८० चा आणि दुसऱ्या जागी १२० च्या आसपासचा नग निवडतात. मग दुसऱ्याच्या कलेक्टरवर बॅटरीच्या निम्मा, म्हणजे साडेचार व्होल्ट दाब येईल असा रोध बसवतात. मोजताना नगाला बोट लावायचे नाही, कारण हाताच्या उबेनेही आकडा चढतो. डाख देताना पाय चिमट्यात धरायचा, म्हणजे उष्णता चिमट्यात जाते. जळलेला नग परत मिळत नाही. तेवढा जगातला साठा कमी झाला.

नावाला भाव चढला की खोटी नावे छापली जातात, हे येथेही चुकले नाही. म्हणून नाव न पाहता मोजणारा कारागीरच शहाणा. मलार्ड कंपनीच्या ओसी ७१ वर काचेवर काळा रंग असे. हौशी मंडळींना कळले की तो खरवडला तर आतला ट्रान्झिस्टर प्रकाशालाही दाद देतो, आणि महागड्या प्रकाशसंवेदी नगाचे काम स्वस्तात होते! कंपनीने मग आत अपारदर्शक द्रव्य भरले, असे सांगतात.

आपल्याकडे ट्रान्झिस्टर म्हणजे रेडिओच, इतके ते नाव घरात मुरले. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये जर्मेनियमचे नग तयार होत. एसी १२८ सारखे नग त्या काळच्या रेडिओंच्या शेवटच्या टप्प्यात असत, आणि नेमका तोच नग पुष्कळ फझ फेसमध्येही गेला. ज्याने कोणाच्या घरात बातम्या आणि नाट्यगीते स्वच्छ ऐकवली, त्याचाच सख्खा भाऊ लंडनमध्ये गिटारचा आवाज फाडत होता! तेव्हा यंदाच्या आवराआवरीत माळ्यावरचा मुका ट्रान्झिस्टर भंगारवाल्याच्या तराजूत टाकण्यापूर्वी, वाचकहो, तो एकवार जाणत्याला दाखवा. यंत्रांच्या जगात निर्दोषाला मान असतो, आणि तो असावाच. परंतु सूर ही वेगळी वस्तू आहे. तिथे दोष नीट मोजला आणि योग्य जागी बसवला, तर त्यालाच लोक गुण म्हणतात.