बडोद्याची छोटी आगगाडी

बडोदे म्हटले की आपल्याला सयाजीराव गायकवाड महाराजांचे सक्तीचे शिक्षण आठवते. १८९३ साली अमरेलीत प्रयोग, १९०६ साली सबंध संस्थानात कायदा. पण मुलांना शाळेत बसवणाऱ्या या शहराने त्यांच्या खेळण्यासाठी काय केले, हे फारसे कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

विश्वामित्री नदीकाठची सयाजी बाग १८७९ सालची. जुने लोक तिला कमाटी बाग म्हणतात. शंभर एकरांहून मोठी. तेव्हा महाराज जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचे, राज्यकारभार हाती यायला अजून दोन वर्षे होती. हाच मुलगा १८७५ पर्यंत नाशिककडच्या कवळाणे गावात शेतकऱ्याच्या घरी रानात हुंदडत होता. पुढे त्याच बागेत वस्तुसंग्रहालय उभे राहिले, प्राणी आले.

बागेतली छोटी आगगाडी बडोदेकरांच्या कितीतरी पिढ्यांच्या लक्षात आहे. मुळात ती लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातली. राजघराण्यातली मुले तिच्यात बसून आवारातल्याच आपल्या शाळेत जात. रूळ अवघे दहा इंच रुंदीचे! १९५६ साली ती सयाजी बागेत आली आणि राजपुत्रांचे खेळणे गावच्या पोरांचे झाले. मला या इतिहासातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते. खेळणे तेच, फक्त भिंतीच्या बाहेर आले.

पण गाडीत मूल नुसते बसते. गाडी नेईल तिकडे जाते. बडोद्याने दुसरी गोष्टही दिली, ती म्हणजे मोकळे मैदान. तिथल्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ साली हुतूतूचे नियम छापून काढले आणि अखिल भारतीय सामने भरवले. या खेळाला लागते काय? सपाट जमीन, चार रेघा आणि छातीत दम. जुम्मादादांचा आखाडाही याच गावचा. जुम्मादादा मुसलमान, त्यांची परंपरा पुढे नेणारे शिष्य प्रा. माणिकराव हिंदू. मल्लखांबावर चढणाऱ्या पोराला कोणी जात विचारत नसावे. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी दहा खंडांचा मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ (१९३६ ते १९४९) काढला तोही बडोद्यातूनच, आणि त्यात मैदानी खेळांनाही जागा मिळाली.

साधारण याच काळात दूर डेन्मार्कमध्ये सोरेन्सन नावाच्या उद्यानरचनाकाराच्या लक्षात आले की आपण आखलेल्या सुंदर क्रीडांगणांपेक्षा मुले पडक्या जागेत, फळ्या-विटांच्या ढिगाऱ्यात जास्त रमतात. १९४३ साली कोपनहेगनजवळ एमड्रुप येथे त्याने तसेच क्रीडांगण करून दिले. लाकडे, विटा, हत्यारे मुलांच्या हाती. काय बांधायचे ते त्यांनी ठरवायचे.

आता आपल्याकडे पाहा. मी कचेरीतला कारकून, आराखडे आणि निविदा रोज हाताखालून जातात. मुलांची बाग म्हणजे एक प्लास्टिकची घसरगुंडी, दोन झोपाळे, पेव्हर आणि ‘हिरवळीवर चालू नये’ ही पाटी, एवढेच कागदावर दिसते. वाळूचा खड्डा, चढण्याजोगे झाड, नुसती रिकामी जमीन यांचा रकानाच नसतो. गोव्यात पूर्वी या जागा कोणाला आखाव्या लागल्या नाहीत. देवळाचे राजांगण होते, मांड होता, भात कापून झाले की मळा फुटबॉलला मोकळा होता, लगोरीला खापऱ्या कुठेही मिळत. आता मळ्यांवर भराव पडतो आहे, आणि त्याबरोबर मुलांची जागाही जाते आहे, पण तिची नोंद कोणत्याच सर्व्हे नंबरात नाही.

आपल्याकडे महाराज नाहीत, आणि आगगाडीही नको. प्रत्येक वाड्यावर मुलांसाठी एक तुकडा जमीन मोकळी ठेवावी आणि तिच्यावर काहीही बांधू नये, एवढा ठराव एखाद्या ग्रामसभेने केला तरी पुरे. बाकीचे मुले बघून घेतील.