मणक्याची गादी : झीज आणि व्यायाम

पाठीच्या कण्यातील दोन मणक्यांच्या मध्ये असणारी कूर्चेची लवचिक चकती म्हणजे मणक्याची गादी. मानेच्या दुसऱ्या मणक्यापासून माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीपर्यंत अशा २३ गाद्या असतात. कमरेच्या गाद्या सर्वांत जाड असतात आणि झिजतातही त्याच अधिक, विशेषतः सर्वांत खालच्या दोन. वयानुसार गादीतील पाणी कमी होणे, तिची उंची घटणे, कडेच्या तंतूंना चिरा पडणे या बदलांना एकत्रितपणे गादीची झीज म्हणतात. या झिजेवर व्यायामाचा काय परिणाम होतो याविषयीची समजूत गेल्या चाळीस वर्षांत पार बदलली आहे. पूर्वी पाठ दुखली की अंथरुणाला खिळवून ठेवत. आता हालचाल हाच उपचाराचा कणा मानला जातो.

गादीचे दोन भाग असतात. मधला गाभा (न्यूक्लियस पल्पोसस) जेलीसारखा असून तरुणपणी त्यात ८० टक्क्यांहून अधिक पाणी असते. त्याभोवती कोलॅजन तंतूंची पंधरा ते पंचवीस वलये (ॲन्युलस फायब्रोसस) कांद्याच्या पापुद्र्यांसारखी एकावर एक बसलेली असतात. शेजारशेजारच्या दोन वलयांतील तंतू उलटसुलट तिरके जातात, म्हणून पीळ बसला तरी गादी सहसा फाटत नाही. गाभ्यातील प्रोटिओग्लायकन हे रेणू पाणी धरून ठेवतात. वय वाढते तसे ते कमी होतात, पाणी निसटते, आणि भार पेलण्याचे काम गाभ्याकडून कडेच्या वलयांवर जाते.

प्रौढ माणसाच्या गादीत जवळजवळ रक्तवाहिन्याच नसतात, आणि व्यायामाचा सारा प्रश्न इथून सुरू होतो. तिच्या पेशींना ग्लुकोज व प्राणवायू मिळतो तो वरच्या-खालच्या मणक्यांतील केशवाहिन्यांतून, कूर्चेच्या पातळ पडद्यातून पाझरत. मधल्या पेशींपर्यंत पोचायला हे अंतर सात-आठ मिलिमीटर भरते. त्यामुळे जखम झाली तर गादी फार सावकाश भरून येते. धूम्रपानाने या केशवाहिन्या आकसतात, म्हणून धूम्रपान करणाऱ्यांत झीज अधिक आढळते.

दिवसभर उभे राहून, चालून, बसून गादी दाबली जाते व तिच्यातील थोडे पाणी बाहेर जाते. रात्री आडवे झाल्यावर ते परत आत येते. म्हणूनच माणूस सकाळी उठताना रात्रीपेक्षा दीड-दोन सेंटिमीटर उंच असतो. दिवसात जेवढी उंची घटते, तिच्यातली निम्म्याहून अधिक उठल्यानंतरच्या पहिल्या तासातच घटते. पहाटे गादी पाण्याने टम्म फुगलेली असल्याने वाकताना तिच्यावर दिवसाच्या इतर वेळेपेक्षा कितीतरी अधिक ताण येतो. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांनी सकाळचे पहिले काही तास पुढे वाकणे टाळले, तेव्हा त्यांचे दुखण्याचे दिवस कमी झाले. सूर्यनमस्कार ही महाराष्ट्राच्या घराघरांतली पहाटेची सवय. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिचा हिरिरीने प्रसार केला. ज्यांची कंबर धरते त्यांनी ती सोडण्याचे कारण नाही; मात्र अंथरुणातून उठल्या उठल्या हस्तपादासनात वाकण्याऐवजी तासभर घरात वावरून मग नमस्कार घालणे शहाणपणाचे.

भार मुळीच नसला तर गादी सुखी राहील, असे वाटणे साहजिक आहे. अंतराळवीरांच्या अनुभवाने ते खोटे ठरवले. गुरुत्वाकर्षणाविना कणा लांबतो, उंची पाच सेंटिमीटरपर्यंत वाढते, आणि बऱ्याच जणांची कंबर तिथेच दुखू लागते. पृथ्वीवर परतल्यावर गादी फाटून गाभा बाहेर येण्याचे प्रमाण त्यांच्यात इतरांच्या सुमारे चौपट आढळले. पाठीचे खोल स्नायूही या काळात रोडावतात. दीर्घकाळ अंथरुणात पडून राहिल्यानेही असेच काहीसे घडते.

उलट टोकाला अतिभार आहे. जर्मनीत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापात एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या गादीत दाबमापक बसवून दिवसभराच्या हालचाली नोंदवल्या गेल्या. आडवे असताना दाब ०.१ मेगापास्कल, सैल उभे असताना ०.५. वीस किलोचे वजन (भरलेला हंडा साधारण एवढाच भरतो) पाठ वाकवून उचलले तेव्हा २.३, गुडघे वाकवून उचलले तेव्हा १.७, आणि तेच वजन अंगाशी धरून उभे राहिल्यावर १.१. एकाच शरीरावरचे हे आकडे असले तरी ओझे अंगाजवळ धरावे, हा हमालांच्या आणि पाणी भरणाऱ्या बायांच्या अंगवळणी पडलेला नियम त्यांतून स्पष्ट दिसतो. स्वीडनमधील अव्वल दर्जाच्या पुरुष जिम्नॅस्टांच्या १९९१ सालच्या पाहणीत ७५ टक्के जणांत गादीची झीज दिसली. खेळाडू नसलेल्यांत ती ३१ टक्के होती. कोवळ्या वयात कणा वारंवार टोकापर्यंत वाकवणे, पिळणे आणि उंचावरून आदळणे गादीला मानवत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये गादीला मानवणारा भार कोणता, याचा ठळक पुरावा २०१७ साली ऑस्ट्रेलियातून आला. किमान पाच वर्षे नियमित धावणाऱ्या आणि न धावणाऱ्या, अशा एकूण ७९ स्त्री-पुरुषांच्या कमरेचे एमआरआय काढून तुलना केली गेली. आठवड्याला २० ते ४० किलोमीटर धावणाऱ्यांच्या आणि ५० किलोमीटरहून अधिक धावणाऱ्यांच्या, दोन्ही गटांच्या गाद्यांत पाणी व प्रोटिओग्लायकन अधिक असल्याची चिन्हे दिसली. अंगावर हालचालीतील हिसके मोजणारा त्वरणमापक लावून पाहिले तेव्हा सेकंदाला सुमारे दोन मीटर वेगाने झपझप चालणे किंवा संथ धावणे यात बसणाऱ्या हिसक्यांचा चांगल्या गादीशी सर्वाधिक संबंध आढळला. जोरदार उड्यांचा नाही आणि निवांत बसण्याचाही नाही. ही एका वेळची तुलना असल्याने धावण्यामुळेच गाद्या सुधारल्या असे तिच्यावरून सिद्ध होत नाही. तरी धावण्याने मणके झिजतात ही सरसकट भीती तिच्यापुढे टिकत नाही. गादीला भार हवा. तो चढता-उतरता, मध्यम आणि रोजचा हवा.

व्यायामाने झिजलेली गादी पुन्हा तरुण होते, असा दावा मात्र कोणी केल्यास तो मानू नये. झिजेत आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आहे. फिनलंडमधील एकसारख्या जुळ्या भावांच्या ११५ जोड्यांच्या १९९५ सालच्या अभ्यासात एक भाऊ अंगमेहनतीचे काम करणारा आणि दुसरा बैठ्या कामाचा असला तरी दोघांच्या गाद्या आश्चर्य वाटावे इतक्या सारख्या निघाल्या. कामाच्या भाराने झिजेतील फरकाचा अगदी थोडा भाग उलगडला.

झीज आणि दुखणे या दोन गोष्टीही एक नव्हेत. पाठ मुळीच न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली घेण्यात आला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांत गादीची झीज होतीच. एमआरआयच्या अहवालातील कित्येक शब्द केस पिकण्याइतकेच वयाचे असतात, हे रुग्णाला कुणीतरी सांगायला हवे. मराठीत रूढ झालेले शब्दही भीती वाढवतात. ‘मणक्यात गॅप आला’ असे म्हटले की हाडांत फट पडल्याचे चित्र उभे राहते. प्रत्यक्षात क्ष-किरण चित्रात गादी दिसत नाही, तिच्या जागी मोकळी जागा दिसते. आणि गादी झिजली की ती जागा वाढत नाही, कमी होते. ‘गादी सरकली’ हेही तसेच. गादी मणक्यांना घट्ट चिकटलेली असते, ती सरकत नाही. कडेची वलये फाटून गाभ्याचा भाग बाहेर येतो व शेजारच्या नसेवर दाब किंवा दाह निर्माण करतो. पायात उतरणाऱ्या कळेचे हे कारण बोस्टनचे मिक्स्टर व बार यांनी १९३४ साली मांडले. बाहेर आलेला असा भाग पुष्कळदा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते, आणि मोठा, सुटा तुकडा लहान फुगवट्यापेक्षा अधिक वेळा विरतो.

व्यायामाचा सर्वांत भक्कम लाभ गादीच्या चित्रात नसून पाठीच्या कामात दिसतो. स्नायूंची ताकद व दम वाढतो, वाकण्याची भीती जाते, झोप सुधारते. २०१६ सालच्या आढाव्यात २१ चाचण्या एकत्र पाहता व्यायाम व माहिती यांच्या जोडीने कंबरदुखीचा नवा झटका येण्याची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी घटलेली दिसली. कमरेच्या पट्ट्याने ती घटली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ सालच्या मार्गदर्शनातही जुनाट कंबरदुखीसाठी आखीव व्यायामाची शिफारस आहे, आणि पट्टा बांधणे व वजन लावणे यांची नाही. योगासने, पोहणे, वजनाचे व्यायाम, फिजिओथेरपिस्टने शिकवलेल्या हालचाली यांपैकी एकच प्रकार सर्वांसाठी श्रेष्ठ ठरलेला नाही. जो रोज होईल तो चांगला. ऑस्ट्रेलियातच २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ७०१ जणांच्या चाचणीत, नुकत्याच कंबरदुखीतून उठलेल्यांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास चालण्याकडे नेण्यात आले. न चालणाऱ्यांत निम्म्या लोकांचे दुखणे ११२ दिवसांत परतले, चालणाऱ्यांत त्याला २०८ दिवस लागले.

उसण भरलेल्या पहिल्या काही दिवसांत गोष्ट थोडी वेगळी असते. हेलसिंकीत १९९५ साली काहींना दोन दिवस झोपून राहायला, काहींना पाठीचे व्यायाम करायला आणि काहींना सोसेल तेवढी रोजची कामे करत राहायला सांगितले गेले. लवकर बरा झाला तो तिसरा गट. कळ ओसरल्यावर व्यायाम सुरू करावा, थोडक्यापासून चढवत न्यावा. करताना कमरेत थोडे दुखणे चालते. पायात उतरणारी कळ किंवा मुंग्या वाढत गेल्या तर तो व्यायाम बदलावा.

लघवी अडणे वा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या आतील व बैठकीचा भाग बधिर होणे, पायातली ताकद झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर व्यायाम, मालीश व वाट पाहणे, सारे बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कंबरदुखीबरोबर ताप, अकारण घटणारे वजन किंवा पूर्वीच्या कर्करोगाचा इतिहास असेल तर व्यायामाआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.